'ती घरीच असते' : बाळंतिणीच्या इतिहासाची काही पाने

इतिहासाच्या पुस्तकांत जन्म भरपूर सापडतात. अमुक राजपुत्र जन्मला, तोफा झाल्या, हत्तीवरून साखर वाटली, ज्योतिष्यांना आणि मौलवींना खिलती मिळाल्या. पण त्या जन्मानंतर चाळीस दिवसांनी त्या आईचे काय चालले होते, रात्री ती किती वेळा उठली, तिच्या अंगात ताप होता की नाही, तिच्याशी दिवसभरात कोण दोन शब्द बोलले, हे लिहून ठेवण्याची गरज कोणत्याही बखरकाराला वा तवारीखकाराला वाटली नाही. मूल झाल्यावर घरात राहणारी बाई ही आपल्या समाजातली सर्वांत परिचित व्यक्ती आहे, आणि तिच्याविषयीच आपल्याकडे सर्वांत कमी लिहिले गेले आहे.

"काय करते तुमची सून?" या प्रश्नाला आजही घरोघरी एकच उत्तर मिळते: "काही नाही, ती घरीच असते." या तीन शब्दांमागे काय दडले आहे, ते कायद्यांतून, खानेसुमारीतून, न्यायालयाच्या निकालांतून आणि आपल्या मोहल्ल्यांच्या आठवणींतून शोधण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत. हा इतिहास सलग नाही. जिथे सरकारला, गिरणीमालकाला किंवा न्यायालयाला बाळंतिणीची दखल घ्यावी लागली, तिथेच तो उजेडात येतो. बाकीचा सारा अंधारातच आहे.

चाळीस दिवसांची रजा

आपल्याकडे बाळंतिणीला पहिली रजा कायद्याने दिली नाही, रूढीने दिली. हिंदू घरांत पाचवी, बारसे आणि सव्वा महिना. मुसलमान घरांत छटी, अकीका आणि चिल्ला. चिल्ला म्हणजे चाळीस दिवस. या काळात बाळंतिणीला नमाज माफ, रोजा माफ आणि चूलही माफ. हनफी मताप्रमाणे निफासची, म्हणजे बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाची, कमाल मुदत चाळीस दिवस मानली जाते. शाफई मताप्रमाणे ती साठ दिवस आहे. आमचे कोकणी मुसलमान शाफई, पण तिथल्या घरांतही लोकांच्या तोंडी चाळीस दिवसच असतात. फिकहच्या बारकाव्यापेक्षा रूढी बलवान ठरते, ती अशी.

या चाळीस दिवसांत माहेर असे. पहिले बाळंतपण आईकडे, हा नियम मराठवाड्यापासून रत्नागिरीपर्यंत सर्व जातिधर्मांत सारखाच. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, हरीरा, बाळंतशोपा, अंगाला तेल, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी. लंगोट धुवायला कोणीतरी असे. रात्री बाळ रडले तर आजी उठे. म्हणजे रूढीने नव्या आईला विश्रांती दिली होतीच, त्याबरोबर माणसेही दिली होती. ही दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती, असे आमचे मत आहे.

मात्र या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना सावध राहिले पाहिजे. ही रजा सर्वांना सारखी मिळत नव्हती. मुलगा झाला तर लाडू, मुलगी झाली तर सुस्कारे. शेतमजूर बाईला दहाव्या-बाराव्या दिवशी बांधावर जावे लागे आणि झोळी झाडाला टांगावी लागे. विधवेच्या बाळंतपणाला तर घरच नव्हते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले, ते याचसाठी. तिथे आलेल्या एका विधवेचे मूल त्यांनी दत्तक घेतले, तेच पुढे डॉ. यशवंत झाले. एखाद्या आईला बाळंत होण्यासाठी एक खोली आणि एक दयाळू बाई मिळावी, एवढ्यासाठी त्या काळी क्रांतिकारक व्हावे लागत होते.

सुईण, दवाखाना आणि मृत्यू

एकोणिसाव्या शतकातले बाळंतपण म्हणजे घरातली सर्वांत अंधारी खोली, बंद खिडक्या, धूर आणि सुईण. सुईणीजवळ अनुभव मोठा, पण जंतू ही गोष्ट तिला ठाऊक नव्हती. नाळ कापण्याचे हत्यार उकळलेले नसे. त्यामुळे बाळाला धनुर्वात आणि आईला सूतिकाज्वर, ही दोन भुते कित्येक घरांत फिरून गेली. आठवड्याच्या आत दगावणाऱ्या बाळांबद्दल लोक 'सटवीने नेले' म्हणत, कोणी 'असर झाला' म्हणत. अखेर नवजात बालकांचा धनुर्वात भारतातून हटल्याचे जाहीर व्हायला २०१५ साल उजाडावे लागले.

कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या, आणि त्यांचे बाळ दहा दिवसांतच गेले. त्या अमेरिकेत जाऊन १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. पदवीसाठी त्यांनी प्रबंधाचा विषय निवडला तो प्रसूतिशास्त्राचाच. १८८७ मध्ये बाविसाव्या वर्षाच्या आत त्यांचाही मृत्यू झाला. त्यांच्या शिक्षणाच्या जिद्दीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्या जिद्दीच्या मुळाशी एका कोवळ्या आईचे दहा दिवसांचे आईपण होते, हे आपण विसरतो.

१८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या नावाचा फंड निघाला. बायकांना बायकांकडूनच उपचार मिळावेत, हा त्याचा हेतू. १८८६ मध्ये मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झाले. पडद्यातल्या स्त्रियांना, त्यात मुसलमान स्त्रिया आल्याच, पुरुष डॉक्टरसमोर जाण्यापेक्षा मरण बरे वाटे. त्यांच्यासाठी बाई डॉक्टर ही केवढी मोठी गोष्ट होती, हे आज सांगून कळणार नाही. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी सुईणींना शिकवण्यासाठी निधी उभा केला. पण या साऱ्या प्रयत्नांची नजर प्रसूतीच्या घटकेवर होती. मूल जन्मले, आई वाचली, की काम संपले. घरी परतलेल्या आईच्या पुढच्या महिन्यांचा विचार त्यात कुठेही नव्हता. ही खोड आपल्या आरोग्यव्यवस्थेला तेव्हापासून लागली आहे.

आठ आण्यांची लढाई

बाळंतिणीचा प्रश्न पहिल्यांदा विधिमंडळात पोहोचला तो मुंबईच्या कापडगिरण्यांमुळे. गिरणीत हजारो बायका होत्या. बाळंतपणासाठी त्या गावी जात आणि हात रिकामे झाले की परत येत. तान्ह्या मुलाला चाळीतल्या खोलीत ठेवून दहा-दहा तास साच्यावर उभे राहायचे, तर मूल झोपून राहिले पाहिजे. त्यासाठी अफूची गोळी. १९२० च्या दशकातल्या सरकारी पाहण्यांत या गोळीची नोंद पुन्हा पुन्हा येते. आईला ती विषारी आहे हे माहीत नव्हते असे नाही. तिच्यापुढे दुसरा उपाय नव्हता.

१९२१ च्या सुमारास मुंबईत दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भके मरत असल्याची नोंद आहे. हा आकडा वाचून अंगावर काटा येतो. त्यात एक मेख आहे. अनेक मुले गावी जन्मत आणि मुंबईत मरत. त्यामुळे जन्म एका जागी आणि मृत्यू दुसऱ्या जागी नोंदला जाई, आणि प्रमाण फुगे. पण ही मेखच खरी गोष्ट सांगते. गावी, माहेरच्या माणसांत, मूल जगत होते. आईबरोबर शहरात आल्यावर ते मरत होते.

१९१९ मध्ये वॉशिंग्टनला झालेल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने बाळंतपणाच्या रजेचा ठराव केला होता. कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्यासाठी विधेयक आणले, ते फेटाळले गेले. मुंबई कौन्सिलात मात्र वाट निघाली. १९२८ च्या जुलैमध्ये त्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबईचा प्रसूती लाभ कायदा झाला. दिवसाला आठ आणे, तेही काही आठवड्यांपुरते.

आठ आणे ही रक्कम लहान होती. पण मूल सांभाळण्याचे काम हे समाजाचे काम आहे आणि त्याचा मोबदला रोख पैशांत देता येतो, हे त्या आठ आण्यांनी पहिल्यांदा मान्य केले. इथेच इतिहासाने एक रेघही ओढली. कारखान्यात जाणारी आई कायद्याच्या आत आली, घरातली आई बाहेर राहिली. पुढे १९६१ चा केंद्रीय कायदा आला, २०१७ च्या दुरुस्तीने बारा आठवड्यांची रजा सव्वीस आठवड्यांची झाली, आणि या तरतुदी नंतर २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेल्या. रेघ मात्र जिथे होती तिथेच राहिली. जिला पगार नाही, तिला रजाही नाही.

घरात असणारी, पण रिकामी नसणारी

येथे आपल्या समाजाचा प्रश्न सुरू होतो. मुसलमान बाई घरातच असते, तिला बाहेर पडू दिले जात नाही, असे सरसकट बोलले जाते. त्यात काही अंशी तथ्य आहे, पण ती घरात करते काय, हे कोणी पाहत नाही.

१८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांची घरे मालेगाव-भिवंडीत वसली. माग पुरुषाचा, पण सूत उकलायचे, कांड्या भरायच्या, हे काम घरातल्या बायकांचे. एक हात कांडीवर आणि पायाच्या अंगठ्याला पाळण्याची दोरी, असे काम करताना ज्यांनी आपल्या नानी-दादींना पाहिले आहे, त्यांना यापेक्षा अधिक सांगायला नको. सोलापूर आणि सिन्नरकडे बिड्या वळणाऱ्या बायकांचे तेच. मांडीवर सूप, सुपात पाने आणि तंबाखू, शेजारी झोळीत बाळ. हजार बिड्यांवर मजुरी. बाळ रडले की हात थांबतो, हात थांबला की मजुरी थांबते. वरून कारखानदार छाट काढून हिशेब कमी करणार तो वेगळाच. तंबाखूची धूळ त्या बाळाच्या नाकात पहिल्या दिवसापासून जाते.

या बाबतीत कायद्याच्या इतिहासात एक लक्षणीय गोष्ट घडली आहे. १९६६ च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाईलाही प्रसूती लाभाच्या कायद्याखाली आणले. घरातल्या आईला कामगार म्हणून ओळखणारे कायदे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, त्यातला हा एक. पण लाभ घ्यायचा तर कामाची नोंद हवी, पासबुक हवे, आणि ते अनेकदा भलत्याच्याच नावावर असते किंवा नसतेच. हक्क कागदावर आला, आणि ज्या कागदावर आला तो कागदच तिच्या हाती आला नाही.

खानेसुमारीची गोष्ट याहून बोलकी आहे. १९३१ च्या खानेसुमारीत माणसांचे 'कमावते', 'कामात हातभार लावणारे आश्रित' आणि 'काम न करणारे आश्रित' असे वर्ग पाडले होते. कांड्या भरणारी आई दुसऱ्या वर्गात गेली तर नशीब, नाहीतर तिसऱ्यात. १९९१ च्या खानेसुमारीत शेतातल्या वा घरधंद्यातल्या बिनपगारी कामाचाही प्रश्नात स्पष्ट उल्लेख आला, तेव्हा कुठे काही बायका मोजल्या गेल्या. निव्वळ मूल सांभाळणारी आणि घर चालवणारी आई मात्र पुढेही 'काम न करणाऱ्यां'तच राहिली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या खटल्यात यावर कडक ताशेरे ओढले. गृहिणींना भिकारी आणि कैदी यांच्याच गटात 'अनुत्पादक' म्हणून बसवणे हा स्त्रियांचा अपमान आहे, असा त्याचा आशय होता.

मग ही 'काम न करणारी' किती काम करते? केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, तर घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटे, असे तिच्यात दिसले. मुलांची आणि आजाऱ्यांची काळजी घेण्यासाठी बायकांची १३४ मिनिटे आणि पुरुषांची ७६. हे सरासरीचे आकडे आहेत. तान्हे मूल असलेल्या आईचा दिवस सरासरीत मावत नाही. तिच्या कामाला वेळेची हद्दच नसते. दर दोन-तीन तासांनी पाजायचे, ढेकर काढायची, लंगोट बदलायचे, ते धुवायचे, पावसाळ्यात ते वाळवायचे, आणि यातून मधला जो अर्धा तास उरेल त्यात स्वयंपाक. जेवण गरम खायला मिळणे ही तिची चैन. अंघोळ हा तिचा सण.

समुद्रापलीकडचा बाप

कोकणातल्या मुसलमान घरांत आईपणाची आणखी एक तऱ्हा आहे. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर खलाशी म्हणून गेले, आफ्रिकेला गेले, आणि १९७३ नंतर तेलाचे भाव चढले तसे कुवेत, सौदी, दुबईला गेले. लग्नासाठी दोन महिन्यांची सुटी, आणि मूल झाले ते बाप परदेशी असताना. बाळाच्या कानात अजान द्यायला बाप नसे. ती आजा देई, मामा देई. बापाने मूल पाहिले ते दीड-दोन वर्षांचे झाल्यावर, आणि मूल त्याला पाहून रडत आईच्या पदराआड गेले. हा प्रसंग कोकणात इतक्या घरांत घडला आहे की त्यावर हसावे की रडावे कळत नाही.

या घरांत पैसा आला. मातीच्या भिंती जाऊन स्लॅब आले, मशिदींना मिनार आले, उर्दू शाळांच्या इमारती उभ्या राहिल्या. गावच्या विकासाच्या या कहाणीत कमावत्यांची नावे संगमरवरी फरशीवर कोरली गेली. त्यांच्या मागे एकटीने मूल वाढवणाऱ्या, मध्यरात्री तापाने फणफणलेल्या बाळाला घेऊन डॉक्टरचे दार ठोठावणाऱ्या, सासूचे बोलणे गिळून महिन्यातून एकदा येणाऱ्या पत्रात 'सर्व खैरियत आहे' असे लिहवून घेणाऱ्या बायकांची नावे कोणत्याही फरशीवर नाहीत. ती पत्रे जपून ठेवली असती तर आज आपल्याकडे एक फार मोठा दस्तऐवज असता. पण त्यांतही खरे किती लिहिले असेल, कोण जाणे. दूर असलेल्या माणसाला काळजी नको, म्हणून बाई स्वतःच्याच इतिहासावर पडदा ओढते.

मोहल्ला तुटला, तेव्हा

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींनी मुंबईत माणसे मेली, दुकाने जळली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर हजारो मुसलमान कुटुंबे संमिश्र वस्त्यांतून उठून मुंब्र्यासारख्या ठिकाणी गेली. या स्थलांतराची चर्चा राजकारणाच्या अंगाने खूप झाली. बाळंतिणीच्या अंगाने ती झाली नाही. चाळीत ज्या बाईच्या शेजारी मराठी काकू होती, खालच्या मजल्यावर ख्रिस्ती नर्स होती, समोर स्वतःची खाला राहत होती, ती बाई आता एका नव्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर आली. लिफ्ट नाही, पाणी ठरावीक वेळी, शेजारीही आपल्यासारखेच नुकते उखडून आलेले. नवरा पहाटेची लोकल पकडतो आणि रात्री परततो. दाराला आतून कडी. आत एक बावीस वर्षांची मुलगी आणि वीस दिवसांचे बाळ.

हे चित्र एकट्या मुंब्र्याचे नाही. नोकरीसाठी पुण्या-नाशिकला आलेली कुटुंबे, औद्योगिक वसाहतींत राहणारी कुटुंबे, परदेशांत गेलेली मराठी कुटुंबे, सर्वत्र हेच आहे. एकटी आई ही आपल्या इतिहासात तुलनेने नवी गोष्ट आहे. जुन्या घरात बाईला एकांत मिळत नव्हता, ही तिची तक्रार होती. आज एकांताशिवाय काही मिळत नाही.

त्यात बाळंतपणाची रीतही पालटली आहे. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या वेळी महाराष्ट्रात निम्म्याहून कमी बाळंतपणे दवाखान्यात होत. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण सुमारे ९५ टक्क्यांवर गेले. ही मोठी कमाई आहे, आणि तिने लाखो आयांचे जीव वाचवले आहेत. त्याच पाहणीत महाराष्ट्रातली सुमारे २५ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली आहेत. म्हणजे चौथी आई पोटावर टाके घेऊन घरी येते. तिला जड उचलू नका असे सांगतात. पण पाण्याची बादली, गॅसचा सिलिंडर, आणि खुद्द बाळ, हे कोण उचलणार, ते कागदावर लिहून देत नाहीत.

मनाच्या दुखण्याचे तर नावच नको. जुनी माणसे 'बाळंतवात' म्हणत. आमच्याकडे 'बाहेरची हवा लागली' म्हणतात आणि तावीज बांधतात. आज डॉक्टर त्याला प्रसूतीनंतरचे नैराश्य म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत. बाई विनाकारण रडते, झोप येत नाही, बाळाकडे पाहूनही काही वाटत नाही, आपण वाईट आई आहोत असे तिला वाटत राहते. घरचे म्हणतात, 'अल्लाने एवढे गोजिरे लेकरू दिले, आणि ही रडते. नाशुक्री कुठली.' आजाराला नाशुक्री म्हटल्याने आजार बरा होत नाही. तो फक्त बोलायचा थांबतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने एक शहाणपणाची तरतूद केली आहे. उपचारासाठी दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांखालचे मूल सहसा तोडू नये, असे त्यात म्हटले आहे. पण हा कायदा आपल्या मोहल्ल्यांत कितीजणांनी ऐकला आहे?

कामाची किंमत कोण ठरवणार

मातृत्व अमोल आहे, आईच्या पायाखाली स्वर्ग आहे, हे आपण व्याख्यानांतून सांगतो. अमोल म्हटले की मोल द्यायला नको, अशी सोय त्यात आहे. प्रत्यक्षात आपल्या धर्मशास्त्राने या कामाचे मोल अमान्य केलेले नाही. कुरआनात दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षांची सांगितली आहे आणि त्या काळात आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी स्पष्टपणे बापावर टाकली आहे. दूध तोडायचे तर दोघांनी सल्लामसलत करून तोडावे, असे म्हटले आहे. घटस्फोटित आई मुलाला पाजत असेल तर तिला त्याचा मोबदला द्यावा, असेही सांगितले आहे. हनफी फकिहांनी तर पाजणे ही आईची नैतिक जबाबदारी मानली, पण सामान्य परिस्थितीत काजीने तिच्यावर सक्ती करावी असे मानले नाही. म्हणजे मूल वाढवणे हे श्रम आहेत, त्यांची किंमत होते, आणि त्यात आईचे मत विचारात घ्यायचे असते, ही गोष्ट चौदाशे वर्षांपूर्वी मांडली गेली होती. आपल्या घरांत ती कितीशी पोहोचली?

शाहबानो प्रकरणानंतर १९८६ मध्ये मुस्लिम महिलांविषयीचा कायदा आला. त्यात घटस्फोटित आई मूल सांभाळत असेल तर मुलाच्या जन्मापासून दोन वर्षांपर्यंतची तरतूद पूर्वीच्या नवऱ्याने करावी, असे कलम आहे. ही दोन वर्षे कुठून आली हे उघड आहे. पण दोन वर्षांनंतर मूल खायचे थांबते काय? १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मुलांचा पोटगीचा हक्क या कलमाने संपत नाही. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली तो सज्ञान होईपर्यंत स्वतंत्रपणे टिकतो. हा निकाल आजही कित्येक आयांना माहीत नाही.

२००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमशेदपूरच्या १९८९ मधल्या आगीच्या खटल्यात, त्या आगीत गेलेल्या गृहिणींच्या घरकामाची किंमत महिना ३,००० रुपये धरली. त्यानंतर अशा खटल्यांतून ही रक्कम वाढत गेली. आम्हाला यात एक विचित्र गोष्ट दिसते. बाई जिवंत असेपर्यंत ती 'काही करत नाही', आणि अपघातात गेली की न्यायालय तिच्या कामाचा महिन्याचा हिशेब मांडते. हयातीत हा हिशेब मांडायला काय हरकत आहे?

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने तो थोडासा मांडला. सरकारी नोकरीतल्या आणि इतर कायद्यांखाली असा लाभ मिळणाऱ्या बायका वगळता प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला ६,००० रुपयांहून कमी नाही एवढा लाभ मिळावा, असे त्यात आहे. घरातली आई इथे पहिल्यांदा कायद्याच्या आत आली. १९२९ ची रेघ ओलांडायला चौऱ्याऐंशी वर्षे लागली. पण २०१७ मध्ये प्रत्यक्ष योजना आली तेव्हा ती पहिल्या मुलापुरती आणि ५,००० रुपयांची झाली. पुढे २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास तिलाही लाभ मिळू लागला. बँकेचे खाते, आधार, नोंदणीचे कागद यांत किती बायका गळतात, हे अंगणवाडी सेविकेला विचारावे.

आपल्या हातात काय आहे

इतिहास सांगून थांबणे सोपे आहे. पण ही पाने चाळताना एक गोष्ट आमच्या ध्यानात वारंवार आली. जिथे जिथे नव्या आईचे ओझे हलके झाले, तिथे ते कोणीतरी माणूस शेजारी उभा राहिल्यामुळे झाले. रूढीने माहेर दिले, फुल्यांनी खोली दिली, आंबेडकर-जोशींनी आठ आणे मागितले. आज आशा कार्यकर्ती दवाखान्यातून परतलेल्या बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. हे बेचाळीस दिवस आणि आपला चिल्ला यांत किती थोडे अंतर आहे! त्या दारात येणाऱ्या बाईला संशयाने न पाहता आत बोलवावे, एवढे तरी करता येईल.

आपल्या समाजात जकात आहे, जमाती आहेत, मशिदींच्या कमिट्या आहेत. अकीक्याच्या दावतीवर हजारो रुपये खर्च होतात. त्यातला काही हिस्सा बाळंतिणीच्या घरी महिनाभर कामाला बाई ठेवण्यावर खर्च केला तर तो सवाबाचाच ठरेल. जुम्म्याच्या बयानात आईच्या पायाखालच्या स्वर्गाबरोबर रात्रीचे एक पाजणे झाल्यावर बाळाला खांद्यावर घेणाऱ्या बापाचीही गोष्ट यावी. पैगंबरसाहेब घरकामात हात लावीत, ही हदीस सर्वांना पाठ आहे. ती पाठांतरातून उठून स्वयंपाकघरापर्यंत यायला हवी. आणि ज्यांच्या आया, सासवा, नान्या अजून हयात आहेत, त्यांनी त्यांच्या बाळंतपणांच्या, एकटेपणाच्या, गमावलेल्या मुलांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. त्या गेल्या की हा इतिहास दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.

पुढच्या वेळी कोणी विचारले, "काय करते तुमची सून?", तर उत्तर थोडे बदलून पाहू. "तिला दोन महिन्यांचे बाळ आहे. ती दिवसरात्र कामावर असते."